सागाचे राज्य

आपल्याकडे झाडांना दैवते आणि सणवार वाटून दिलेले आहेत. वडाला सावित्री, पिंपळाला मुंजा, औदुंबराला दत्त, बेलाला महादेव, आपट्याला दसरा. तुळशीला तर वृंदावन, विष्णू आणि दरसालचे लग्न. या वाटणीत सागाच्या पदरी काहीच पडले नाही. त्याला कोणी दोरा गुंडाळीत नाही, त्याच्या बुंध्याशी कोणी दिवा लावीत नाही, आणि त्याचे पान कोणत्याही देवाला चालत नाही. आणि तरीही जुन्या घरातला देव्हारा सागाचा, पाट सागाचा, पाळण्याची दांडी सागाची, धान्याचे कोठार सागाचे. वाचकहो, या दिवाळीत ज्या चौकटीला आपण झेंडूचे तोरण बांधाल, ती चौकट घर जुने असेल तर बहुधा सागाचीच असेल.

साग हे पूजेचे झाड नव्हे, ते सत्तेचे झाड आहे. कल्याण, ठाणे, भिवंडी, शहापूर, मुरबाड या आमच्या मुलखाचा इतिहास शाळेत शिकविताना मला नेहमी असे वाटते, की सातवाहन, शिलाहार, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज अशी राजवटींची माळ मुलांकडून घोकून घेण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: अमुक साली डोंगरातला साग कोणाच्या हुकमाने तुटत होता? त्याचे उत्तर सापडले की त्या सालचा राजा आपोआप सापडतो.

झाडाची ओळख थोडक्यातच करून देतो, कारण ते पाहिले नाही असा माणूस या भागात विरळा. पावसाच्या तोंडावर हातभर लांबीची, खरखरीत पाने. कोवळे पान तळहातावर चुरडले तर हात लाल होतो, आणि आमच्या बाजूची पोरे तो खेळ अजून खेळतात. आषाढ-श्रावणात शेंड्यावर पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे येतात. पुढे किडे पानाचा हिरवा भाग खाऊन टाकतात व शिरांची जाळी तेवढी उरते. उन्हाळ्यात तर झाड उघडेबोडके उभे असते. अशा वेळी त्याच्याकडे पाहून हे राजेरजवाड्यांच्या भांडणाचे कारण असेल असे कोणाला वाटणार नाही.

त्याचे मोल गाभ्यात आहे. बाहेरचे पांढरट लाकूड कुचकामाचे. आतला सोनेरी-तपकिरी गाभा मात्र तेलकट, कातड्यासारखा वास असलेला, वाळवीला नकोसा. तो उन्हापावसात फारसा फुगत नाही की आक्रसत नाही. ओक नावाच्या विलायती लाकडात लोखंडी खिळा मारला तर त्या लाकडातील आंबट द्रव्याने खिळा गंजतो व भोक मोठे होते. सागाचे तेल उलट खिळ्याला सांभाळते. समुद्रावर ज्याला जन्म काढावयाचा त्या जहाजाला याहून चांगले लाकूड माणसाला मिळालेले नाही. एकच अडचण: ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून मलबारात व ब्रह्मदेशात झाडाच्या बुंध्याला भोवताली खोल खाच पाडून ते उभ्याउभ्याच वाळू देत, आणि मग तोडून नदीत सोडीत. उभे राहून मरणाऱ्या झाडाचे ते दृश्य ज्याने योजिले तो माणूस व्यवहारचतुर खरा, पण मला त्याच्या शेजारी राहावयास आवडले नसते.

नावाचीही एक गंमत आहे. संस्कृतात शाक, प्राकृतातून आपला साग, आणि अरबांच्या तोंडी तोच ‘साज’. दक्षिणेत मात्र त्याला तेक्कु म्हणतात. मलबारात उतरलेल्या पोर्तुगीजांनी त्याचे ‘तेका’ केले आणि इंग्रजांनी ‘टीक’. म्हणजे ज्याने ज्या बंदरात लाकूड विकत घेतले, त्याने त्या बंदरातले नाव उचलून नेले. अरबांनी आपले नाव नेले, याचा अर्थ ते आपल्याच बाजूला येत असत, असे मी मानतो. इराणच्या आखातावर सिराफ नावाचे श्रीमंत बंदर होते. तेथील व्यापाऱ्यांची उंच घरे सागाच्या व आफ्रिकेतून आणलेल्या लाकडाची होती, असे दहाव्या शतकातील इस्तख्री या भूगोलकाराने नोंदवून ठेवले आहे. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या त्या लोकांना घराची तुळई मिळण्यासाठी समुद्र ओलांडावा लागे.

हा व्यापार त्याहून पुष्कळ जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली. तिच्यात कल्याण आहे. पूर्वी हे मोठे अधिकृत पेठेचे बंदर होते, पण आता सत्ताबदल झाल्यामुळे येथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी त्याची तक्रार आहे. याच ग्रंथात भडोचहून आखाताकडे जाणाऱ्या मालात चंदन, शिसव यांच्या जोडीने तुळयांचे लाकूड येते, आणि ते सागाचे असावे असे बहुतेक अभ्यासक समजतात. पुढे सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ख्रिस्ती प्रवासी व्यापारी कल्याणहून तांबे-पितळ, शिसवासारखे लाकूड आणि कापड बाहेर जात असल्याचे सांगतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या किनाऱ्यावर बेरेनिके या रोमन काळच्या बंदराचे उत्खनन झाले, तेव्हा तेथे सागाचे लाकूड भरपूर निघाले. मोडलेल्या जहाजांचे लाकूड घरांच्या बांधकामात पुन्हा वापरलेले ते. इजिप्तमध्ये साग उगवत नाही. त्यातली एखादी फळी काळू किंवा भातसा नदीच्या काठची असेल का? सिद्ध करता येणार नाही. पण कादंबरीकाराला असा प्रश्न पडला तर इतिहासकारांनी रागावू नये.

सिद्ध करता येईल अशी वस्तू पाहावयाची तर घाट चढून कार्ल्यास जावे. तेथील चैत्यगृहाच्या पाषाणी छताला लाकडी कमानी बसविलेल्या आहेत. त्या सागाच्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. दगडाच्या छताला लाकडाच्या आधाराची गरज काय? काहीच नाही. पण कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय लाकडाची; देऊळ म्हणजे लाकडी कमानी असलेली वास्तू, ही समजूत त्यांच्या हाडीमासी खिळलेली. म्हणून डोंगर पोखरल्यावरही त्यांनी त्याला सागाच्या बरगड्या बसविल्याच. या लेण्याच्या दर्शनी भागावर एक लहानसा शिलालेख आहे. दरवाजाचे काम धेनुकाकट येथील वेणुवासाचा मुलगा सामी या ‘वढकी’ने केले, असे त्यात म्हटले आहे. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात, तो हाच शब्द. दानशूर राजे आणि श्रेष्ठी यांच्या नावांच्या गर्दीत एका सुताराने आपले आणि आपल्या बापाचे नाव राखले. बाकीचे सुतार विस्मरणात गेले, त्यांच्या कमानी तेवढ्या राहिल्या. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणची माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांत व्यापारी आहेत, लोहार आहेत. नाणेघाटातून उतरणारी वाट मुरबाडवरून कल्याणला येई, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना रान होते.

आता एकदम दीड हजार वर्षांची उडी मारू, कारण मधल्या काळाबद्दल सागाच्या बाजूने सांगण्यासारखे फार थोडे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज वसईस आले. त्यांनी चर्चे बांधली, किल्ला बांधला, आणि वसईजवळच्या आगाशीस जहाजे बांधविली. थेट पोर्तुगालपर्यंत जाण्याजोगी गलबते तेथे तयार होत. जहाजबांधणीची विद्या अशी खाडीच्या पलीकडच्या तीरावर शंभर-सव्वाशे वर्षे मुरत होती. अलीकडच्या तीरावर लाकूड होते. या दोहोंची गाठ घालणारा माणूस तेवढा यावयाचा होता.

तो आला १६५७ साली. ऑक्टोबरची २४ तारीख, आश्विन वद्य द्वादशी. म्हणजे वसुबारस! घरोघर गाई-वासरांची पूजा चालू असताना कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या ताब्यात आली. घाटावरच्या मावळ्यांच्या राज्याला प्रथमच समुद्राचे पाणी लागले. खाडीकाठच्या टेकाडावर दुर्गाडी उभा राहिला आणि त्याच्या सावलीत आरमाराचे काम सुरू झाले. हे आपण सर्वांनी चौथीच्या पुस्तकात वाचलेले असते. पण हे काम कसे सुरू झाले त्याची हकीकत पोर्तुगीजांच्या कागदांत आहे, आणि ती मोठी रंजक आहे.

महाराजांनी रुई लैताव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीजाला कामावर ठेवले. त्याच्या हाताखाली शेकडो माणसे होती. १६५९ सालच्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी व पनवेल येथे शहाजीचा मुलगा जहाजे बांधीत असल्याची काळजी व्यक्त झाली आहे. वीस लढाऊ नावांचा बेत होता आणि त्या दंडा-राजपुरीच्या सिद्दीवर चालवावयाच्या आहेत, असे सांगितले जात होते. पोर्तुगीज काही खुळे नव्हते. आज सिद्दीवर चाललेली नाव उद्या वसईच्या बुरुजाखाली येईल हे त्यांना दिसत होते. वसईच्या कप्तानाने व्हिएगशला आतून निरोप पाठविला, आणि तो आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेला.

क्षणभर त्या खाडीकाठाची कल्पना करा. ओंडके पडले आहेत, फळ्या चिरून झाल्या आहेत, अर्धवट सांगाडे चिखलात उभे आहेत, आणि ज्यांना त्यांचे पुढे काय करावयाचे ते ठाऊक, ते सारे नाहीसे झालेले. उरले ते स्थानिक सुतार, लोहार, कोळी. आरमार बुडाले नाही. पुढल्या पंधरा-वीस वर्षांत ते इंग्रजांनाही दखल घ्यावी लागेल इतके वाढले. तेव्हा पोर्तुगीजांच्या हाताखाली राबताना आमच्या माणसांनी डोळे उघडे ठेवले होते, एवढे अनुमान निघते. त्यांची नावे मात्र कोणी लिहिली नाहीत. सामी सुताराइतके भाग्य त्यांच्या वाट्याला आले नाही.

आरमाराला लाकूड किती लागते आणि त्यासाठी रयतेला किती जाच होऊ शकतो, हे महाराजांच्या राज्यात नीट उमगलेले होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात याबद्दल स्वतंत्र आज्ञा आहे. तिचा आशय असा, की आरमारासाठी सागासारखी झाडे आपल्या रानातली हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत, कमी पडतील ती परमुलखातून विकत आणावीत; पण आंबा-फणसाला हात लावू नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात, आणि ती तोडल्यास तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. या आज्ञेची वाहवा आपण करतो ती आंब्या-फणसासाठी, आणि ती योग्यच आहे. मला तिच्यातली दुसरी ओळ महत्त्वाची वाटते. आंबा रयतेचा, साग सरकारचा, ही वाटणी येथे शाईने लिहिली गेली. पुढे येणाऱ्या सरकारने यातला दुसरा भाग तेवढा उचलला.

पेशवाईत साग घाटावर चढला. पुण्यात शनिवारवाड्याचे काम १७३० साली सुरू झाले, त्याला साग जुन्नरच्या रानातून आला. नाणेघाटाच्या माथ्यावरचे हे रान. मग सरदार-सावकारांनी वाडे बांधले, त्यांचे पाहून कुळकर्ण्यांनी माडीची घरे बांधली. खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर तक्तपोशी, असा सारा संसार सागाचा. कल्याणात सुभेदारवाडा हे नाव अजून जिभेवर आहे. १८२८ साली शनिवारवाड्याला आग लागली ती सात दिवस धुमसत होती असे सांगतात. इतका साग जळावयाचा तर सात दिवस लागणारच.

इकडे मुंबईत सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराने १७३६ पासून इंग्रजांच्या गोदीत जम बसविला होता. मुंबईची गोदी म्हणजे सागाची एक अजस्र खादाड भट्टी. मलबारचा साग हा तिचा मुख्य आहार. पण वसईच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या उतारावर पसरलेल्या रानांतूनही नद्यांच्या वाटेने लाकूड तेथे उतरे. तोवर इंग्लंडातले ओक संपत आले होते आणि नेपोलियनशी युद्ध चालू होते. वाडियांच्या वंशातील जमशेटजी बमनजी यांनी १८१० साली ७४ तोफांचे ‘मिंडन’ बांधले, १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’. याच ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ साली चीनला नमवून इंग्रजांनी नानकिंगचा तह केला व हाँगकाँग घेतले. सागाच्या पाटावर बसून केलेली ही सर्वांत मोठी जेवणावळ म्हणावयाची.

‘त्रिंकोमाली’ची कथा मला त्याहून आवडते. तिचे नकाशे विलायतेहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले, पण १८१२ साली अमेरिकनांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ते जहाज पकडले आणि नकाशे गेले. दुसऱ्या प्रती येईपर्यंत काम खोळंबले. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’ मुंबईच्या पाण्यात उतरली. त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, आणि पेशवाईच बुडाली. ‘त्रिंकोमाली’ मात्र अजून तरंगते आहे! इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथे ती जपून ठेवलेली आहे. तिचा सांगाडा मलबारच्या सागाचा आणि हात मुंबईच्या सुतारांचे.

खडकीनंतर ठाणे जिल्ह्यातील साग इंग्रजांचा झाला. (ठाणे शहर व साष्टी त्यांनी १७७४ सालीच घेतली होती, डोंगराळ भाग आता आला.) पहिली वीस-पंचवीस वर्षे त्यांनी जंगलाकडे विहिरीकडे पाहावे तसे पाहिले: उपसावे, भरतच राहील. ती भरेना, तेव्हा डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांस १८४७ साली मुंबई इलाख्याचे जंगलांचे संरक्षक नेमले. हे गृहस्थ मूळचे वैद्य, पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, पावसाबरोबर माती खाली येते आणि कोकणातल्या खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी सरकारला पुन्हा पुन्हा लिहिले. कल्याणची खाडी आज ज्यांनी पाहिली आहे त्यांना यावर अधिक सांगावयास नको.

पण डॉक्टरचे ऐकतो कोण? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी आली; १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणला पोहोचली आणि तेथून पुढे दोन्ही घाटांकडे रूळ निघाले. रुळांखाली लाकडी पट्ट्या लागतात, एका मैलाला सुमारे दोन हजार. बोरीबंदर ते ठाणे हे एकवीस मैल एकेरी धरले तरी चाळीस हजारांच्या घरात हिशेब जातो, आणि हिंदुस्थानात पुढे हजारो मैल लोहमार्ग झाला. औषधात न भिजविता जमिनीत टिकणारी लाकडे इन-मीन तीन: साग, साल, देवदार. बाकीची काही वर्षांत कुजत. शिवाय पुलांना, डब्यांना, स्टेशनांना लाकूड हवे. कित्येक ठिकाणी इंजिनालाही सरपण हवे. आगगाडीने जंगल दोनदा खाल्ले: एकदा तिच्यासाठी, आणि दुसऱ्यांदा तिच्यातून. पूर्वी जे लाकूड नदीला पूर येण्याची नाहीतर बैलांना फुरसत होण्याची वाट पाहत डोंगरात पडून राही, ते आता वाघिणीत बसून मुंबईच्या बाजारात जाऊ लागले. कल्याण-ठाण्याच्या लाकडाच्या वखारी भरभराटल्या त्या याच वाटेने.

मग कायदे आले. १८६५ चा पहिला, १८७८ चा दुसरा आणि कडक. रानाच्या कडेला खांब रोवले गेले. ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ हे दोन शब्द ठाकूर, कातकरी, वारली, कुणबी, आगरी यांच्या जन्माला बांधले गेले. या भांडणाचे मूळ सागाच्या लाकडात नसून भाताच्या रोपात होते, हे ज्यांनी भातशेती केलेली नाही त्यांना समजणार नाही. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

कोकणातला शेतकरी भाताचे बी साध्या जमिनीत पेरीत नाही. आधी तो राब करतो. झाडाच्या फांद्यांचा टहाळ, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर एका तुकड्यावर पसरून, वर माती टाकून उन्हाळ्यात ते सावकाश जाळतो. तणाचे बी मरते, राख खत होते, आणि पहिल्या पावसात तेथे रोपे तरारून उठतात. मग त्यांची आवणी. टहाळ ऐन, किंजळ अशा झाडांचा. झाड मारीत नाहीत. फांद्या छाटतात, त्या पुन्हा फुटतात. हे बापजाद्यांपासून चाललेले. जंगलखात्याच्या दृष्टीने मात्र ही झाडांची कत्तल होती. फांद्या छाटलेले झाड सरळ वाढत नाही, आणि सरळ न वाढलेल्या झाडाची तुळई होत नाही. म्हणजे सरकारला जे झाड मुंबईच्या बाजारात दिसत होते, तेच झाड शेतकऱ्याला आपल्या भाताच्या ताटात दिसत होते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. पण एकाच्या हातात पोलीस होते.

टहाळ बंद, चराई बंद, मोळीवर परवाना, खैराचा कात पाडणाऱ्या कातकऱ्याच्या भट्टीवर बंदी. ठाण्या-कुलाब्यात एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. ठाण्याच्या वकिलांनी व पेन्शनरांनी रयतेच्या बाजूने कागद रंगविले, गावोगाव साक्षी झाल्या. अहवाल १८८७ साली निघाला. काही सवलती मिळाल्या, काही कागदावर राहिल्या. एवढे मात्र झाले, की टहाळ हा शब्द सरकारी दप्तरात कायमचा नोंदला गेला.

आता योगायोग पाहा. त्याच १८८५ साली सागावरून एक खरीखुरी लढाई झाली, आणि तिचा शेवट आमच्या कोकणात झाला. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी १८६३ पासून ब्रह्मदेशच्या सागाचा व्यापार करीत होती. नेलेल्या ओंडक्यांचा पुरता दाम दिला नाही, असा ठपका ठेवून राजा थिबाच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. इंग्रजांना निमित्तच हवे होते. नोव्हेंबरात फौजा निघाल्या, पंधरवड्यात मंडाले पडले, आणि त्या राजाला राणीसह जहाजात घालून प्रथम मद्रासेला व पुढल्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी वाडा बांधला. तेथेच १९१६ साली तो वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहावयास जाणाऱ्या सहलीतल्या मुलांना मी सांगतो, की बाळांनो, हा राजा ओंडक्यांवरून राज्याला मुकला. ती हसतात. गिरगावच्या ज्या चाळींत त्यांचे मामा-काका राहत, त्यांचे जिने आणि गॅलऱ्या ‘बर्मा साग’च्या होत्या, हे सांगितल्यावर जरा गप्प होतात.

आमच्या डोंगरात त्यानंतरची साठ वर्षे ठेकेदारांची. खाते जंगलाचे कूप पाडी, लिलाव होई, ठेकेदार वारल्या-ठाकरांकडून तोड करून घेई. लग्नासाठी चार रुपये उसने घेतलेला वारली जमीनदाराचा ‘लग्नगडी’ होऊन बायकोसकट आयुष्यभर राबे. जो सागाच्या रानात जन्मला, ज्याने हजारो साग पाडले, त्याच्या झोपडीच्या भिंती मात्र कारवीच्या कुडाच्या. सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालाने या वेठीवर बोट ठेवले. १९४५ च्या जानेवारीत कल्याणजवळ टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगाव-डहाणूकडचे वारली आले होते. श्यामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्यात गेले, आणि वेठ मोडली. पुढल्या वर्षी जंगलकामाच्या मजुरीवरून संप झाला. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सारे लिहून ठेवले आहे. बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या काढल्या, ठेकेदाराऐवजी तोडणाऱ्यांनाच कूप मिळावे म्हणून. काही चांगल्या चालल्या. काहींत ठेकेदारच चिटणिसाच्या टोपीखालून परत आला, असे जुनी माणसे सांगतात.

आज ठाण्याचे दोन जिल्हे झाले आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा निघाला. शहापूर, तानसा, खर्डी या बाजूला साग अजून आहे. १९६४ च्या कायद्याने खाजगी जमिनीतील सागही परवानगीवाचून तोडता येत नाही. त्याच यादीत आंबा आणि फणसही आहेत, हे अमात्यांना कळते तर ते हसले असते. मुरबाडकडचा एक शेतकरी मला म्हणाला, “मास्तर, बांधावर साग आपोआप उगवला तर आम्ही तो पोरगा झाल्यासारखा पाहत नाही, जावई आल्यासारखा पाहतो.”

आणि वखारीत आता काय विकले जाते? सी.पी. साग, वलसाडी साग ही नावे फळीवर अजून खडूने लिहिलेली दिसतात; बर्मा साग म्हटले की विक्रेता आवाज खाली आणतो. बरेचसे लाकूड परदेशचे, घाना, इक्वेडोर येथल्या लागवडीतले. तेथे गेलेल्या सागाचे मूळ घराणे भारत-ब्रह्मदेशातलेच. जगात सर्वांत अधिक साग विकत घेणारा देश आज आपला आहे. ज्या कोकणकिनाऱ्यावरून साग अरबांकडे जाई, त्याच किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदरात तो पोलादी पेट्यांत बंद होऊन उतरतो. सुतार त्याला कोवळा म्हणतात; वीस-पंचवीस वर्षांच्या झाडाला गाभा धरावयास वेळच मिळालेला नसतो.

म्हणून जुन्या वाड्यांना भाव आला आहे. कल्याणात, ठाण्यात, डोंबिवलीच्या जुन्या गावठाणात एखादे माडीचे घर पाडावयास काढले, की इमारत बांधणाऱ्याच्या आधी लाकूडवाला येऊन उभा राहतो. तो भिंतीकडे बघतही नाही. नखाने तुळईवरचा काजळीचा थर खरवडतो, वास घेतो, आणि घनफुटाचा भाव बोलतो. खिळ्यांची भोके मोजून थोडी सूट मागतो. मग ट्रक भरतो. दोनशे वर्षांपूर्वी डोंगर उतरून आलेली ती तुळई करवतीखाली गेली, की आतून अजून पिवळीधमक निघते, आणि सारी वखार वासाने भरून जाते.